आजीचे न किडलेले दात

काय दोस्तांनो, दात घासून बसलात ना वाचायला? हसू नका. आजचा विषयच तसा आहे!

गेल्या महिन्यात आपल्या पत्रपेटीत नववीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलं. ‘माझं नाव छापू नका’ ही ओळ तिनं लाल शाईनं दोनदा अधोरेखित केलीय, तेव्हा नाव गुलदस्त्यातच राहू दे. ती लिहिते, “ब्रश केला की माझ्या हिरड्यांतून रक्त येतं. म्हणून त्या बाजूला मी ब्रश लावतच नाही. शाळेत दातांची तपासणी झाली तेव्हा डॉक्टरबाईंनी कार्डावर लिहून दिलं, ‘दातांची सफाई करून घ्यावी.’ घरी कार्ड दाखवलं तर आई म्हणाली, काही नको. सफाई केली की दात हलायला लागतात. शेजारच्या काकांचे हलले होते. आता मी कुणाचं ऐकू?”

पत्र वाचलं आणि मला माझी आजी आठवली.

आजी सकाळी उठली की चुलीपुढे बसून मिश्री लावायची. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, बारीक कुटायची आणि ती पूड बोटावर घेऊन दातांवर घासत बसायची. आमच्या गावातल्या कितीतरी बायका हेच करत. यानं दात पक्के राहतात, असं आजीला मनापासून वाटायचं. प्रत्यक्षात पन्नाशीतच तिचे दात एकेक करून हलायला आणि पडायला लागले. मी तेव्हा चौथीत होते. एकदा तिनं नुकताच पडलेला दात माझ्या तळहातावर ठेवला. मी तो उलटसुलट करून पाहिला. कीड कुठंच नाही! ना खड्डा, ना काळा ठिपका. फक्त मुळाच्या बाजूला काळपट, खरबरीत असं काहीतरी चिकटलेलं होतं.

“आजी, दात तर चांगला आहे. मग पडला कसा?”

“वय झालं गं बाई,” आजी म्हणाली आणि दुधात भाकरी कुस्करायला लागली.

आजीचं वय तेव्हा होतं बावन्न!

तो दात का पडला, हे कळायला मला पुढं वीस वर्षं लागली. माझी एक मैत्रीण दंतवैद्य झाली, तेव्हा कुठं उलगडा झाला. मी स्वतः डॉक्टर नाही बरं का. पण तिला छळून छळून जे विचारून घेतलं, ते आज तुम्हाला सांगते.

आधी एक प्रयोग. उद्या सकाळी उठल्याउठल्या, चूळ भरायच्या आधी, दातांवरून जीभ फिरवा. शेवाळलेल्या दगडासारखं बुळबुळीत लागेल. मग नीट दात घासा आणि पुन्हा जीभ फिरवा. आता कसं काचेसारखं गुळगुळीत! मधल्या मध्ये जो थर निघून गेला, त्याला म्हणतात प्लाक. तो म्हणजे नुसता अन्नाचा चोथा नव्हे. ती असते जिवाणूंची वसाहत, अगदी दाटीवाटीची.

ही वसाहत पहिल्यांदा पाहिली ती हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या अँटोनी ल्यूवेनहॉक यानं. मूळचा हा कापडाचा व्यापारी. पण भिंगं घासून सूक्ष्मदर्शक बनवायचा त्याला भारी नाद. तो रोज मिठानं दात घासायचा, तरी त्याच्या दातांच्या फटींत पांढरट लगदा राहायचाच. एके दिवशी त्यानं तो लगदा पावसाच्या स्वच्छ पाण्यात कालवला आणि भिंगाखाली धरला. बघतो तर काय, चिमुकले जीव सुळसुळ पोहतायत! १६८३ मध्ये त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून हे कळवलं. जन्मात कधी दात न घासलेला एक म्हातारा त्यानं शोधून काढला आणि त्याच्याही तोंडातला लगदा पाहिला. तिथं तर जत्राच भरली होती.

आता हा थर आपण काढलाच नाही तर काय होतं?

तुमच्या घरी पाणी तापवायची हीटरची कॉइल असेल तर ती जरा निरखून पाहा. बोअरचं पाणी असेल तर बघायलाच नको, कॉइलवर पांढऱ्या खवल्यांचा जाड थर बसलेला असतो. पाण्यातले क्षार साचून साचून तो तयार होतो. आपल्या लाळेतही कॅल्शियम आणि फॉस्फेट असतं. एरवी ते दातांच्या फायद्याचंच. पण प्लाक तसाच राहिला तर हे क्षार त्यात जाऊन बसतात आणि काही दिवसांतच त्या मऊ थराचा दगड व्हायला लागतो. आपण त्याला किटण म्हणतो, डॉक्टर म्हणतात टार्टर किंवा कॅल्क्युलस. बारावीतल्या ताई-दादांना ज्या कॅल्क्युलसची धडकी भरते, तोच शब्द! लॅटिनमध्ये त्याचा अर्थ बारीक खडा. पूर्वी हिशोब खड्यांनी करत, म्हणून तो गणितातही गेला.

हे किटण सगळ्यात जास्त कुठं साचतं? जीभ खालच्या पुढच्या दातांच्या मागच्या बाजूला लावून बघा. तिथं जिभेखालीच लाळेच्या नळ्या उघडतात. दुसरी जागा म्हणजे वरच्या दाढांची गालाकडची बाजू. तिथंही लाळेची नळी आहे. जिथं लाळ जास्त, तिथं खडे जास्त.

आणि हे खडे किती चिवट असतात, माहितेय? एक खरी गोष्ट ऐका. जर्मनीत डालहाइम नावाच्या ठिकाणी जुना मठ होता. तिथल्या दफनभूमीत एका बाईचा सांगाडा मिळाला. ती वारली त्याला नऊशे ते हजार वर्षं झाली असावीत. शास्त्रज्ञांनी तिच्या दातांवरचं किटण काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तर त्यात निळेशार कण! तपासल्यावर कळलं, तो लाजवर्दचा रंग होता. लाजवर्द हा अफगाणिस्तानातून येणारा मौल्यवान निळा दगड. हातानं लिहिलेल्या धर्मग्रंथांतली चित्रं रंगवायला त्याची पूड वापरत. म्हणजे ही बाई बहुधा ग्रंथ रंगवणारी चित्रकार असावी. कुंचल्याला टोक काढायला ती तो ओठांत धरत असेल, आणि तो रंग किटणात अडकून बसला असेल. २०१९ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. त्या काळी असं काम बायकाही करत, याचा पुरावा चक्क दातांच्या किटणानं दिला!

आता तुम्हीच सांगा. जे किटण शेकडो वर्षं मातीखाली राहूनही दाताला सोडत नाही, ते तुमच्या ब्रशनं निघेल का? कितीही जोर लावा, पेस्ट कितीही महाग आणा, नाही निघणार. मऊ प्लाक काढायचं काम ब्रशचं. एकदा त्याचा दगड झाला की तो काढायचं काम दंतवैद्याचं. एकाचं काम दुसऱ्याला जमत नाही. आजच्या लेखातली एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी खूप झालं.

आता वळूया पत्रातल्या रक्ताकडे.

१९६५ साली डेन्मार्कमधल्या ऑर्हूस शहरात हेराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. हिरड्या निरोगी असलेले १२ जण त्यांनी घेतले. त्यात बरेचसे दंतवैद्यकाचेच विद्यार्थी. त्यांना सांगितलं, आजपासून दात घासणं बंद! (असा प्रयोग आपल्यावर व्हावा, असं काहीजणांना आत्ताच वाटलं असेल.) झालं काय, तर १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या सगळ्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या. मग त्यांना पुन्हा दात घासायला लावलं, आणि आठवडा-दीड आठवड्यात हिरड्या पूर्ववत झाल्या.

म्हणजे बहुतेक वेळा रक्त येतं ते ब्रश लागला म्हणून नाही, तर ब्रश पोचत नाही म्हणून. हिरडीच्या कडेला प्लाक साचतो, हिरडी सुजते, आणि सुजलेल्या हिरडीला जरा धक्का लागला की रक्त येतं. रक्त आलं म्हणून ती बाजू सोडून दिली तर तिथं आणखी प्लाक, आणखी सूज, आणखी रक्त! आमच्या पत्रवाल्या मैत्रिणीचं नेमकं हेच झालंय. तिथं मऊ ब्रश हलक्या हातानं, पण नेमानं फिरायला हवा. आणि तिथं किटणाचा खडा बसला असेल तर तो आधी निघायला हवा. कारण किटण असतं खरबरीत. त्यावर नवा प्लाक झकास बसतो, आणि त्याच्या खाली ब्रशचे केस पोचतच नाहीत. (ब्रश न लावताच रक्त येत असेल, किंवा ते थांबत नसेल, तर मात्र उशीर न करता डॉक्टरांना दाखवायचं.)

हिरडीची सूज उतरते, हे त्या बारा जणांनी दाखवलं. पण वर्षानुवर्षं तिकडे बघितलंच नाही तर काही जणांत गोष्ट पुढं जाते. किटण हिरडीच्या खाली उतरतं. हिरडी दातापासून सुटते, मध्ये खिसा तयार होतो. मग ज्या हाडात दात रोवलेला असतो, ते हाडच हळूहळू झिजतं. गेलेलं हाड आपोआप परत येत नाही. आणि गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट म्हणजे हे सगळं होताना बहुधा दुखत नाही! किडलेली दाढ रात्री झोपू देत नाही, म्हणून आपण डॉक्टरकडे धावतो. हा आजार पावलं न वाजवता येतो.

आता कळलं ना आजीचा दात न किडता का पडला ते? दात मजबूतच होता. त्याच्या पायाखालची जमीन गेली होती. त्यात मिश्री म्हणजे तंबाखू. तंबाखूनं हिरड्यांचा आजार बळावतो आणि वर रक्त येणं कमी होऊ शकतं. म्हणजे धोक्याची घंटा वाजायची, तीच बंद! आजीच्या हिरड्यांतून कधी रक्त आलं नाही, याचा तिला केवढा अभिमान होता. तिला कुणी सांगितलंच नाही.

बरं, मग शेजारच्या काकांचे दात हलले, ते खोटं का? नाही. ते अगदी खरं असणार. पण कारण वेगळं आहे. शेताच्या कुंपणाचा एक खांब डोळ्यांपुढे आणा. पावसानं त्याच्या बुडाची माती वाहून गेलीय, पण भोवती वाळलेल्या चिखलाचं मोठं ढेकूळ अडकलंय. खांब उभा दिसतो. तुम्ही ते ढेकूळ काढलंत की तो डुगडुगतो. दोष ढेकूळ काढणाऱ्याचा, की वाहून गेलेल्या मातीचा? काकांच्या दाताचं हाड आधीच झिजलं होतं. किटणानं दात एकमेकांना जखडून ठेवले होते, एवढंच. दातांत फटी पडल्या असं वाटतं, तेही तसंच. त्या फटी किटणानं आणि सुजलेल्या हिरड्यांनी बुजलेल्या असतात, त्या मोकळ्या होतात. काका सफाईला गेले हे चुकलं नाही. फार उशिरा गेले, हे चुकलं. वीस वर्षं आधी गेले असते तर!

आता प्रश्न, त्या खुर्चीत नक्की करतात काय? मी माझाच अनुभव सांगते. पहिल्यांदा गेले तेव्हा अठ्ठावीस वर्षांची घोडी होते, तरी खुर्चीचे हात असे घट्ट धरले होते की मैत्रीण म्हणाली, “अगं, विमान उडणार नाहीये!” आधी तिनं छोट्या आरशानं सगळं तोंड पाहिलं. मग पेनासारखं एक यंत्र घेतलं. त्याचं टोक सेकंदाला पंचवीस हजारांहून जास्त वेळा थरथरतं. त्या थरथरीनं किटण सुटून येतं आणि सोबतच्या पाण्याच्या फवाऱ्यानं धुऊन जातं. तोंडात साचलेलं पाणी एक नळी ओढून घेते. ते टोक म्हणजे दाताला भोक पाडणारं ड्रिल नव्हे, आणि नीट वापरलं तर दाताचं टणक आवरण त्यानं खरवडलं जात नाही. किर्रर्र आवाज येतो, गार पाणी लागून जरा कळ येते, एखाद्या ठिकाणी टोचतं. खोटं कशाला सांगू? पण अर्ध्या तासात सगळं संपलं. शेवटी रबराच्या छोट्या वाटीनं दातांना पॉलिश केलं. पुढचे एक-दोन दिवस गार पाण्यानं दातांत कळ आली, मग थांबली.

निघताना मैत्रिणीनं कापसाच्या बोळ्यावर एक खडा दाखवला. काळपट, खरबरीत. आजीच्या दाताला चिकटलेला होता, अगदी तसाच! मी रोज दोनदा दात घासणारी, तरी तो माझ्या तोंडात होता. मैत्रिणीनं मग आरसा हातात देऊन माझा ब्रश कुठं पोचत नाही, ती जागा दाखवली. खरं सांगते, सफाईइतकाच मला त्या दाखवण्याचा उपयोग झाला.

मग अशी सफाई दर सहा महिन्यांनी करायलाच हवी का? इथं जरा सावध राहा. ब्रिटनमध्ये तीन वर्षं चाललेला एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मोठ्या माणसांना हिरड्यांचा गंभीर आजार नव्हता आणि जी तपासणीला नेमानं जात, त्यांचे गट केले होते. कुणाची सहा महिन्यांनी सफाई, कुणाची वर्षानं, तर कुणाची ठरवून अशी नाहीच. तीन वर्षांनी त्यांच्या हिरड्यांत फारसा फरक दिसला नाही. म्हणजे सहा महिने हा काही ब्रह्मदेवाचा लेख नाही. पण त्या सगळ्यांचे दात डॉक्टर वरचेवर बघत होते, हे विसरू नका. आपल्याकडे कितीतरी जण दाढ ठणकेपर्यंत दवाखान्याची पायरीच चढत नाहीत! तेव्हा सोपा नियम असा: वर्षातून एकदा तरी तपासणी, आणि सफाई कधी करायची ते तपासून डॉक्टर सांगतील. दात वेडेवाकडे असतील, तारा बसवल्या असतील, रक्त येत असेल किंवा मधुमेह असेल, तर लवकर लवकर जावं लागेल.

आणखी काही गोष्टी. सेफ्टी पिन, टाचणी, ब्लेड यांनी स्वतः किटण खरवडायचं नाही. हिरडीला जखम होईल, हिरडीखालचं किटण तसंच राहील. लिंबू चोळून दात पांढरे करायचे नाहीत, आम्लानं दाताचं आवरण झिजतं. सफाई म्हणजे दात टीव्हीतल्यासारखे पांढरेशुभ्र करणं नव्हे. दातांचा मूळ रंग थोडा पिवळसर असतोच. आणि आज सफाई झाली म्हणून उद्यापासून ब्रशला सुट्टी, असंही नाही. प्लाक काही तासांतच पुन्हा जमायला लागतो.

जायचं कुणाकडे? नोंदणी झालेल्या दंतवैद्याकडेच. आपल्या देशात १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यातच दातांची सफाई करणाऱ्यांसाठी ‘डेंटल हायजिनिस्ट’ असा वेगळा वर्गसुद्धा सांगितला होता. म्हणजे हे शिकून करायचं काम आहे, बाजारात पाल ठोकून बसलेल्या माणसाचं नाही. खर्चाची काळजी असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथं सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, गोव्यात बांबोळीला आहे. तिथं शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी सफाई करतात आणि पैसे खासगी दवाखान्यापेक्षा बरेच कमी लागतात.

तर माझ्या लाल शाईवाल्या मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. डॉक्टरबाईंचं ऐक. पण आईशी भांडू नकोस. आई खोटं बोलत नाहीये, तिनं काकांचे दात हलताना डोळ्यांनी पाहिलेत. हा लेख तिला वाचायला दे. आणि दवाखान्यात जाशील तेव्हा तिलाही बरोबर ने. तिथं म्हण, “आईचेही दात बघता का?” तुझं वय चौदा, तुझ्या हिरड्या बहुधा थोड्या दिवसांत सावरतील. पण खरी तपासणीची गरज कदाचित आईलाच जास्त असेल. घरातल्या सगळ्यांना डॉक्टरकडे नेणाऱ्या आया स्वतः कधी त्या खुर्चीत बसतात का? विचार बरं तिला.

माझ्या आजीला असं बोट धरून नेणारं कुणी नव्हतं. मी होते, पण चौथीत होते आणि मला काही माहीत नव्हतं. तुम्हाला आता माहीत आहे!

प्रयोग केलात की पत्रानं कळवा. जीभ कुठं खरबरीत लागली, तेही लिहा. नाव नाही छापणार, शप्पथ! भेटूया पुढच्या आठवड्यात. तोवर हसत राहा, अगदी दात दाखवून!